गुण येतो का?

कारागृहात बंद्यांसाठी झालेल्या कार्यक्रमांचं एक जाड रजिस्टर असतं. योगवर्ग, प्रवचन, श्रावणातलं भजन, राखीपौर्णिमेला शाळकरी मुलींनी येऊन बांधलेल्या राख्या, व्यसनमुक्तीवरचं व्याख्यान, सकारात्मक विचारांवर अर्ध्या दिवसाची कार्यशाळा, दहा दिवसांचं ध्यानशिबिर. तारीख, पाहुण्यांचं नाव, हजर बंद्यांची संख्या, खाली चिकटवलेला फोटो. मी हे रजिस्टर आदरानेच उघडते, कारण त्यातला प्रत्येक पाहुणा स्वतःचा वेळ काढून, गेटवर मोबाईल जमा करून, झडती देऊन आत आलेला असतो. पण त्यात एक रकाना नाही. नंतर कोणाला बरं वाटलं, किती वाटलं, ते किती दिवस टिकलं, हे लिहायला कुठे जागाच नाही.

मी मानसशास्त्रज्ञ आहे. एका संस्थेतर्फे महाराष्ट्रातल्या एका मध्यवर्ती कारागृहात ठरलेल्या वारी जाते. बंदी मला ‘ताई’ म्हणतात, शिपाई आणि हवालदार ‘मॅडम’. गेली काही वर्षं माझ्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसला आहे: तुरुंगातल्या माणसाच्या मनाच्या दुखण्यावर कोणत्या उपचाराला खरोखर गुण येतो, आणि तो येतो हे आपण कशावरून म्हणतो?

पुराव्याचा एवढा आग्रह कशाला, असं मला एका सहृदय अधिकाऱ्यांनी विचारलं होतं. ‘मॅडम, कोणी येऊन दोन शब्द बोललं तरी या लोकांना बरं वाटतं.’ ते खरंच आहे. पण बाहेरच्या माणसाला एका डॉक्टरचा गुण आला नाही तर तो दुसऱ्याकडे जातो. बहीण सुचवते, शेजारी पत्ता देतात, नाहीतर तो उपचार सोडून तरी देतो. आतल्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. जो समुपदेशक येईल तोच त्याचा, जी गोळी दवाखान्यात असेल तीच त्याची. त्याला निवड नाही, म्हणूनच त्याच्यापुढे जे ठेवायचं ते अधिक पारखून ठेवायला हवं. प्रत्यक्षात आपण त्याच्या बाबतीत सगळ्यात कमी पारखतो.

आत कोण आहे ते आधी सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून जास्त माणसं होती आणि जागा होती साधारण ४ लाख ३६ हजारांची. त्यांतले शंभरातले पंचाहत्तर कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने परप्पन अग्रहार इथल्या मध्यवर्ती कारागृहात केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. भारतात इतक्या बारकाईने झालेलं तुरुंगातलं काम विरळाच. ५,०२४ बंद्यांची पाहणी झाली. मानसिक आजार किंवा व्यसन, यांपैकी काहीतरी निदान होईल असे ७९.६ टक्के निघाले. व्यसनं बाजूला काढली तरी २७.६ टक्के माणसांना निदान करण्याजोगा मानसिक आजार होता. एका बराकीत शंभर माणसं धरली, तर सत्तावीस.

आणि त्यांच्यासाठी कोण आहे? इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५च्या अहवालात देशभरातल्या तुरुंगांत नेमलेले मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून संख्या दिली आहे २५. जिल्हा नव्हे, राज्य नव्हे, सगळा देश. मी ही संख्या पहिल्यांदा वाचली तेव्हा पान उलटून तळटीप पाहिली होती.

कायदा मात्र आपल्याकडे चांगला आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की तुरुंगातल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीच्या मानसोपचाराचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे, आणि प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असलंच पाहिजे. हा कायदा येण्याआधी जे घडलं ते वाचवत नाही. तेव्हाच्या बिहारमधल्या हजारीबाग तुरुंगात वेडे ठरवलेले काही लोक बरे झाल्यावरही वर्षानुवर्षं पडून होते. १९८२ साली हजारीबागच्या मोफत कायदेशीर मदत समितीच्या पत्रावरून, वीणा सेठी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडवलं. आसामचे माचांग लालुंग १९५१ साली पकडले गेले आणि सुटले २००५ मध्ये. मधली चोपन्न वर्षं रुग्णालय आणि तुरुंग यांच्यात गेली, खटला चाललाच नाही. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना सरळ तुरुंगात ठेवण्याची पद्धत बंगालमध्ये १९९०च्या दशकापर्यंत चालू होती. ती घटनाबाह्य ठरली ती १९९३ साली, शीला बारसे यांच्या याचिकेवर. मुंबईच्या कोठड्यांमधल्या स्त्रियांसाठी एक दशक आधी न्यायालयाचं दार ठोठावणाऱ्या पत्रकार त्याच. नव्या पिढीतल्या पत्रकारांना त्यांचं नाव माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

पण कायदा केंद्र उघडायला सांगतो. केंद्रात बसून नेमकं करायचं काय, ते शोधावं लागतं.

पहिली अडचण मोजण्याची. उदासीनतेच्या आजारासाठी जगभर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, तिचा मराठी तर्जुमाही आहे. झोप येत नाही का? बराकीत रात्रभर दिवा जळत असतो आणि माणसं खांद्याला खांदा लावून झोपतात; कुशीवर वळायचं तर शेजाऱ्याला उठवावं लागतं. भूक मंदावली आहे का? संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आधीच वाढलं जातं आणि रात्री ते गार होऊन गेलेलं असतं. आपण घरच्यांना कमीपणा आणला असं वाटतं का? हा प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, की मला पुढचा प्रश्न विचारायला वेळ लागतो. आत नव्याने आलेल्या जवळपास प्रत्येकाचा आकडा चढाच येतो. मग आजारी कोण आणि दुःखी कोण, हे कसं ओळखायचं? दोघांनाही आधार हवा, पण दोघांना एकच औषध देऊन चालत नाही.

यातून वाट दाखवली ती एका जुन्या पक्क्या कैद्याने. जन्मठेपेतला माणूस, बराकीचा वॉर्डर, म्हणजे बराकीवर लक्ष ठेवायला नेमलेला बंदी. तो म्हणाला, ‘ताई, झोप येत नाही का असं नका विचारू. शेजारचा झोपतो तेव्हा तुम्हाला येते का, असं विचारा.’ तेव्हापासून आम्ही प्रत्येक प्रश्न तसा फिरवून विचारतो. बाकीचे नळावर जातात तेव्हा तुम्ही जाता का? मुलाकात आली म्हणून नाव पुकारलं तर उठता का? घरून मनिऑर्डर आली असताना कँटीनमधून काही घेतलंत का? त्या बराकीत कोणाचं मन खचतंय हे वॉर्डरला आमच्या आधी कळतं, आणि त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. पोरगा तारखेला जायला नाही म्हणायला लागला, दाढी वाढली, ताट पुढे सरकवलं. सगळ्यांत मोठी खूण, आई भेटायला आली आणि हा जाळीपर्यंत गेलाच नाही. या खुणांचा अजून कोणी शास्त्रशुद्ध अभ्यास केलेला नाही. तो व्हावा असं मला मनापासून वाटतं, कारण प्रश्नावली चुकली की पुढचा सगळा पुरावा चुकतो.

आता उपचारांकडे येते. २०१७ साली यून, स्लेड आणि फझेल या संशोधकांनी तुरुंगातल्या मानसोपचारांवर झालेल्या ३७ चाचण्या एकत्र केल्या. सगळ्या चाचण्या चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या, मिळून २,७६१ बंदी. निष्कर्ष असा की बोलण्यातून होणाऱ्या उपचारांचा तुरुंगात मध्यम परिणाम होतो. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी पद्धत आणि सजगतेवर आधारलेल्या पद्धती, दोन्हींचा होतो. एकेकट्याला दिलेला उपचार आणि गटात दिलेला उपचार यांत फरक दिसला नाही. हे शेवटचं वाक्य माझ्यासारखीला सोन्यासारखं आहे. दीड हजार माणसांमागे एक समुपदेशक असताना एकेकट्याशी तासभर बोलण्याचा हट्ट धरला, तर बहुतेकांच्या वाट्याला काहीच येत नाही. गटाने काम होत असेल तर निदान सुरुवात तरी करता येते.

त्याच लेखात पुढे लिहिलं आहे की तीन आणि सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा तो परिणाम टिकलेला नव्हता. हे वाक्य मी पुष्कळ दिवस बाजूला ठेवू शकले नाही. त्याकडे शेवटी येते.

मला सगळ्यांत जवळची वाटलेली चाचणी जेनिफर जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, २०१९ची. अमेरिकेतल्या तुरुंगांत तीव्र उदासीनतेच्या आजाराचे १८१ बंदी. निम्म्यांना नेहमीची सेवा, निम्म्यांना त्याशिवाय नातेसंबंधांवर आधारलेला गटउपचार. तो देणारे बहुतेक तुरुंगातलेच समुपदेशक, मोठ्या पदव्या नसलेले. ज्यांना गटउपचार मिळाला त्यांची उदासीनता आणि निराशा जास्त कमी झाली. हीच पद्धत २००३ साली युगांडाच्या खेड्यांत गावातल्याच माणसांना शिकवून वापरली होती आणि तिथेही ती लागू पडली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये तिची पुस्तिका सर्वांसाठी खुली केली. म्हणजे पद्धत श्रीमंत देशाची मक्तेदारी नाही, आणि तिला मोठं यंत्रही लागत नाही.

या उपचाराचा पाया साधा आहे. माणूस खचतो तेव्हा बहुतेक वेळा चारांपैकी एक गोष्ट घडलेली असते: कोणीतरी गेलेलं असतं, कोणाशी तरी बिनसलेलं असतं, आयुष्यातली जागा बदललेली असते किंवा माणूस एकटा पडलेला असतो. तुरुंगात या चारही गोष्टी एकाच वेळी होतात. गट बसतो तो यांतल्या एकेका गोष्टीवर बोलायला. सल्ला नाही, उपदेश नाही.

आमच्या एका गटात पस्तिशीचा एक शेतकरी होता. (माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.) भावबंदकीतल्या हाणामारीत आत आलेला, खटला चालू. तो आत असताना वडील वारले. बंदोबस्त मिळाला नाही म्हणून त्याला अंत्यविधीला जाता आलं नाही. कळलं तेही चार दिवसांनी. थोरला मुलगा तो. अग्नी धाकट्याने दिला. त्यानंतर त्याचं बोलणं बंद झालं. दवाखान्याने गोळ्या सुरू केल्या, त्याही गरजेच्या होत्या. पण त्याला सलत होतं ते वेगळंच. गटात कितीतरी बैठका तो नुसता बसून राहिला. मग एके दिवशी म्हणाला, ‘मी केस काढले नाहीत.’ दहाव्याला मुंडन करायचं असतं, ते झालं नव्हतं, आणि वडिलांचा जीव अडकून राहिला असेल असं त्याने मनाशी धरलं होतं. गटातल्या दुसऱ्या एकाचा धर्मच वेगळा. त्याने विचारलं, ‘आता काढता येत नाहीत का?’ अधीक्षकांनी परवानगी दिली. बराकीतल्या न्हाव्याचं काम करणाऱ्या बंद्याने त्याचे केस काढले. गटाने त्याच्याकडून वडिलांबद्दल ऐकून घेतलं: कोणता बैल आवडायचा, बाजाराला जाताना कोणती टोपी घालायचे. त्या दिवसानंतर तो मुलाकातीला जायला लागला.

एका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे मला ठाऊक आहे. गोळ्यांनीही काम केलं असेल, नुसत्या काळानेही केलं असेल. म्हणूनच तर चाचण्या हव्यात. पण चाचणीतला ‘परिणाम मध्यम’ हा शब्द प्रत्यक्षात कसा दिसतो हे कोणी विचारलं, तर मला तो शेतकरी आठवतो.

आपल्या जवळचा पुरावा गोव्यातला आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि संगाथ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं, ज्यांचा मानसोपचाराशी आधी संबंध नव्हता. सहा ते आठ बैठकांचा उपचार. सूत्र असं की मन उठेपर्यंत थांबू नका. अंगाला आधी छोट्या छोट्या कामाला लावा, मन मागून येतं. तीव्र उदासीनतेच्या ४९५ रुग्णांवर चाचणी झाली. तीन महिन्यांनी, उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजाराच्या रेषेखाली आले होते. नुसत्या नेहमीच्या सेवेतले ३९ टक्के. हे तुरुंगातलं काम नाही, आणि तुरुंगात ते जसंच्या तसं चालेल असं मी म्हणणार नाही. ‘रोज थोडं फिरून या, मैत्रिणीला फोन करा’ हे बराकीत कोणाला सांगणार? पण नळावर जाणं, पत्र लिहिणं, ग्रंथालयातून पुस्तक आणणं, शेजारच्याला अक्षर शिकवणं, कारखान्यात नाव घालणं ही कामं तिथेही आहेत. बैठका सहा ते आठच आहेत हेही महत्त्वाचं. कच्चा कैदी उद्या जामिनावर सुटेल, की परवा दुसऱ्या कारागृहात हलवला जाईल, कोणाला माहीत नसतं. वर्षभराचा उपचार त्याच्या कामाचा नाही. महाराष्ट्रातल्या एखाद्या कारागृहात या पद्धतीची नीट चाचणी व्हावी, यासाठी आम्ही काही जण प्रस्ताव लिहितो आहोत. बंदी हा संशोधनात दुर्बल गट मानला जातो, आणि तसा तो मानायलाच हवा. आत असलेल्या माणसाचा होकार खरा की दबावाखालचा, हे तपासलंच पाहिजे. पण त्या काळजीचा अर्थ त्याच्यावर संशोधनच नको, असा लावला गेला तर त्याला न पारखलेला उपचार कायमचा मिळत राहतो.

विपश्यनेबद्दल विचारल्याशिवाय आपल्याकडे ही चर्चा पुढे सरकत नाही, आणि ते रास्तच आहे. तुरुंगातलं पहिलं विपश्यना शिबिर १९७५ साली जयपूरला झालं. १९९४ मध्ये किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना सत्यनारायण गोएंका यांनी तिथे सुमारे हजार बंद्यांचं शिबिर घेतलं. इगतपुरीचं विपश्यना केंद्र आपल्याकडे असल्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी अधिकाऱ्यांना या साधनेची ओढ आहे. शिबिरातून परतलेल्या बंद्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. त्यातली शांतता खरी असते. तिचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेत सिॲटलजवळच्या एका तुरुंगात शिबिर केलेल्या बंद्यांनी सुटकेनंतर तीन महिन्यांनी दारू आणि अमली पदार्थ कमी घेतल्याचं २००६ साली प्रसिद्ध झालं. मात्र तिथे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. ज्याला दहा दिवस मौन धरायची तयारी आहे तो माणूस आधीपासूनच बदलायला निघालेला असू शकतो. आणि ज्याला आवाज ऐकू येतात, ज्याचं भान सुटत चाललंय, त्याला दहा दिवस मौनात बसवणं धोक्याचं आहे. शिबिराआधी त्याला ओळखून वेगळं काढणारं कोणीतरी हवं. शिबिरं व्हावीत, आणखी व्हावीत. शिबिरानंतर तीन महिन्यांनी कोणीतरी जाऊन विचारावंही.

सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो व्यसनाच्या औषधांचा, आणि तोच आपण सगळ्यांत कमी वापरतो. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ मध्ये ती तुरुंगात द्यायला सुरुवात केली. एका वर्षात सुटकेनंतरच्या अतिसेवनाच्या मृत्यूंमध्ये ६१ टक्के घट नोंदली गेली. आमच्याकडे मात्र मुख्य प्रश्न दारूचा. रोज पिणारा माणूस पकडला जातो, दारू अचानक तुटते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसतात, झटका येतो. याला बराकीत ‘नाटक’ म्हणतात. कधी अंगात आलं म्हणतात. यात माणूस मरू शकतो, आणि त्यावरचा उपचार जुना, स्वस्त आणि पक्का आहे: योग्य मात्रेत डायझेपाम किंवा लोराझेपाम आणि थायमिनचं इंजेक्शन. लागतं फक्त एवढंच, की आत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी विचारलं जावं, ‘शेवटची दारू कधी घेतली?’

पहिल्या दिवसांचं महत्त्व आत्महत्यांच्या बाबतीतही तेवढंच. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती अमिताव रॉय समितीने २०१७ ते २०२१ या पाच वर्षांतले तुरुंगांमधले ८१७ अनैसर्गिक मृत्यू पाहिले. त्यांतल्या ६६० आत्महत्या होत्या. समितीने बांधकाम बदलायला सांगितलं, गळफासाला आधार होईल असं काही कोठडीत राहू नये म्हणून. त्याचा उपयोग होतो. पण जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलणाऱ्याला एकट्याला कोठडीत ठेवण्याची जी रीत आहे, तिच्याबद्दल मला फार बोलायचं असतं. देखरेख हवी, एकांत नको. १९९० साली वेल्समधल्या स्वान्सी तुरुंगात एका पंधरा वर्षांच्या मुलाने जीव दिला. त्यानंतर तिथे समॅरिटन्स या संस्थेने बंद्यांनाच ऐकायला शिकवलं, आणि १९९१ पासून ती योजना ब्रिटनभर पसरली. रात्री बराकी बंद झाल्यावर समुपदेशक नसतो, डॉक्टर नसतो, हेल्पलाइनला लावायला फोन नसतो. शेजारी झोपलेला बंदी असतो. आमच्याकडचे वॉर्डर हे काम न शिकवताही करतात. त्यांना शिकवावं, त्यांच्या मनावर पडणाऱ्या ओझ्याची काळजी घ्यावी, आणि काय होतं ते लिहून ठेवावं.

आता ते बाजूला न ठेवता आलेलं वाक्य. तीन महिन्यांनी परिणाम का टिकत नाही? २०२१ साली पुन्हा गुन्हा होऊ नये म्हणून दिलेल्या तुरुंगातल्या मानसोपचारांचा आढावा आला. २९ चाचण्या, ९,४४३ माणसं. वरवर पाहता उपयोग दिसला. पण छोट्या चाचण्या वगळल्यावर तो उरला नाही. उपचार आत सुरू होतो आणि फाटकाशी संपतो, बाहेर त्याचा धागा कोणी पकडत नाही, असं संशोधकांचं म्हणणं. मला ते वाचायची गरज नव्हती. सुटकेनंतरचे दिवस किती जीवघेणे असतात हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००७ साली मोजलं गेलं आहे: पहिल्या दोन आठवड्यांत सुटलेल्या माणसाचा मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या जवळपास तेरा पट होता.

आमच्याकडे सुटका कशी होते ते सांगते. जामिनाचा कागद कोर्टातून संध्याकाळी येतो. माणसाचं नाव पुकारलं जातं. तो अंथरूण गुंडाळतो, सामान घेतो, अंगठा देतो आणि अंधार पडताना रस्त्यावर असतो. ज्याला आवाज ऐकू येतात म्हणून रिस्पेरिडोन हे औषध चालू आहे त्याची रात्रीची गोळी दवाखान्यातल्या डब्यात राहते. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी मिळेल. पण दुसऱ्या दिवशी तो दोनशे किलोमीटरवरच्या गावात असतो. घरच्यांना आजाराचं नावच माहीत नसतं. गोळ्या सुटतात, चार आठवड्यांत आवाज पुन्हा ऐकू यायला लागतात. मग भांडण, मग पोलीस, आणि तोच माणूस त्याच बराकीत. त्याला पुन्हा आलेलं पाहून कोणी म्हणतं, ‘उपचाराचा काही उपयोग नाही.’

यावर आम्ही एक काम सुरू केलं आहे, आणि ते अगदी साधं आहे. गोळ्या चालू असलेल्या प्रत्येक बंद्याच्या फाइलला पहिल्या दिवसापासूनच एक पाकीट जोडलेलं असतं. त्यात मराठीत लिहिलेली चिठ्ठी: आजाराचं नाव, गोळीचं नाव, मात्रा, ती का थांबवायची नाही. सोबत दोन आठवड्यांच्या गोळ्या आणि त्याच्या गावाजवळच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या बाह्यरुग्ण दिवसाचा पत्ता. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत. महिन्यातून एकदा चिठ्ठी आणि गोळ्या बदलून ताज्या करायच्या. कागद कितीही वाजता आला तरी गेटवरचा हवालदार फाइलबरोबर पाकीट देतो. सुरुवातीला त्यांना हे वाढीव काम वाटलं. आता एक सुभेदार स्वतःच विचारतात, ‘याचं पाकीट कुठंय?’

सुटलेल्या माणसाला तीन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी आमची सहकारी फोन करते. त्याचा लागला नाही तर बहिणीचा, नाहीतर गावातल्या आशाताईंचा. गोळी घेतोस का, झोपतोस का, कामावर जातोस का, एवढंच विचारते आणि वहीत लिहिते. पुष्कळ फोन लागत नाहीत. जे लागत नाहीत तेही लिहायचे, असं आम्ही ठरवलं आहे. नाहीतर ज्यांचं बरं चाललंय तेवढेच वहीत दिसतील आणि पाकिटाला गुण येतो असं आम्ही उगीचच मानून चालू. पुरेशा नोंदी झाल्या की ही वही आधी जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञांपुढे ठेवायची, आणि मग पाकीट न मिळालेल्या दुसऱ्या एखाद्या कारागृहाच्या नोंदींशी ताडून पाहायची. त्या कारागृहाला परवानगीसाठी पत्र गेलं आहे.